लेड झेपेलिनची सर्वोत्तम गाणी : आधी बॉनम ऐका, मग भांडा

डग्गा

'सध्या काय ऐकताय' धाग्यावर परवा लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला आणि पुढचे सगळे प्रतिसाद 'स्टेअरवे टु हेवन' की 'काश्मीर' यातच संपले. त्या धाग्याची वाट लागायला नको, म्हणून हा वेगळा काढतोय. तुमची आवडती पाच गाणी लिहा. नुसती यादी टाकून पळू नका, का आवडतात ते लिहा.

सुरुवात मीच करतो. माझं म्हणणं असं की झेपेलिनचं श्रेष्ठ गाणं ठरवायचं असेल तर जिमी पेजची गिटार आणि रॉबर्ट प्लांटचा आवाज घटकाभर बाजूला ठेवावा आणि ड्रमर जॉन बॉनम काय वाजवतोय तिकडे कान लावावा. त्या काळात इंग्लंडमध्ये चांगल्या गिटारवाल्यांचा तुटवडा नव्हता. गळा फाडून गाणारेही होते. बॉनमसारखा घाव घालणारा दुसरा नव्हता. २५ सप्टेंबर १९८० ला, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तो गेला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं. त्याच्या जागी कुणाला बसवून पुढे जायचा मार्ग मोकळा होता, तरी ते गेले नाहीत. यातच सगळं आलं.

या हिशेबाने माझा पहिला नंबर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (चौथा अल्बम, १९७१). मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं, १९२९ सालचं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. झेपेलिनने ते हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या प्रशस्त घरात रेकॉर्ड केलं. बॉनमचा ड्रमसेट जिन्याच्या पायथ्याशी मांडला होता. तेव्हा ड्रमला अगदी चिकटून माइक लावायची पद्धत होती. इंजिनिअर अँडी जॉन्सने तसं न करता दोन माइक वर जिन्यात टांगले. त्यामुळे घाव आणि त्या घावाने भरून गेलेली जिन्याची पोकळी, दोन्ही एकदमच टेपवर आलं. वर हलकासा एको दिला आणि टेपची गती जरा उतरवली. गाणं सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत फक्त ड्रम आहेत. तेवढंच ऐका. पाणी चढत चाललंय आणि बांध कधीही फुटेल, हे प्लांटने तोंड उघडायच्या आधीच कळून चुकतं.

बाकीची चार: 'काश्मीर', 'इन माय टाइम ऑफ डाइंग', 'फूल इन द रेन' आणि 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. शेवटचं पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं आहे. त्यात बास ड्रमवर जे भरभर तीन-तीनचे घाव येतात ते त्याने एका पायाने, एकाच पेडलवर वाजवलेत. हे ऐकून दोन पेडल असणार असं पैजेवर सांगणारे ड्रमर मला भेटलेत.

आता बोला.

सोलापुरी_चादर

डग्गाकाका, धागा मस्तच. पण 'स्टेअरवे' यादीतही नाही? सगळ्यांना आवडतं म्हणून ते बाद करायचं का? मी त्यावरच गिटार शिकलो आणि आजही सुरुवातीचं ते बोटांनी छेडलेलं वाजवताना जसंच्या तसं थरारतो.

त्या गाण्यात जे आहे ते एकत्र दुसरीकडे कुठे आहे ते दाखवा. सुरुवातीला एकटी अकूस्टिक गिटार, मग बेस वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सचे रेकॉर्डर (लाकडी बासऱ्या), हळूहळू बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार, मग ड्रम, मग तो सोलो, आणि शेवटी सगळं ओसरून प्लांटची एकट्याची ओळ. आठ मिनिटांत लय वाढत वाढत जाते आणि कुठे वाढली ते सांगता येत नाही. आपल्याकडे विलंबितातून द्रुतात जाण्याचं एवढं कौतुक, मग या गाण्याला नाक का मुरडायचं? आणि तुमच्याच निकषावर सांगतो: बॉनम त्यात चार मिनिटं उलटून गेल्यावर येतो. इतका वेळ गप्प बसून नेमक्या जागी येणं हेही ड्रमरचंच काम ना?

माझी पाच: स्टेअरवे, काश्मीर, ब्लॅक डॉग, होल लोट्टा लव्ह, इमिग्रंट साँग.

धोबीतलाव

वा. या विषयावर मी रात्रभर बोलू शकतो.

आमच्या पिढीने झेपेलिन ऱ्हिदम हाऊस या दुकानाच्या कॅसेटींवर ऐकलं आणि रंगभवन या खुल्या नाट्यगृहात पोरांच्या तोंडून ऐकलं. कॉलेजच्या बँडची परीक्षाच असायची, 'ब्लॅक डॉग' जमतं का. त्याची गिटारची ओळ आणि ड्रम एकमेकांना सोडून चालल्यासारखे वाटतात आणि नवख्या ड्रमरचा तिथे हमखास पाय घसरायचा. बॉनम सरळ चार मोजत राहतो, गिटार त्याच्या अंगावरून वाकडी जाते आणि पुन्हा जागेवर येते. रंगभवनात ते ज्या बँडला जमायचं त्यांना पब्लिक डोक्यावर घ्यायचं. ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं तेव्हा काळा घोड्याला जाऊन नुसता उभा राहून आलो.

पण मला इथे मुंबईचाच एक मुद्दा मांडायचाय. १९७२ च्या ऑक्टोबरात जपानच्या दौऱ्यानंतर पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्ये त्यांनी तिथल्या पोरांची वाद्यं घेऊन वाजवलं, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी रेकॉर्ड केली. वादक जमवायला आणि बसवायला बासरीवादक विजय राघव राव होते. ती रेकॉर्डिंग्ज इतकी वर्षं चोरट्या कॅसेटींवर फिरत होती. शेवटी २०१५ मध्ये झेपेलिनच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे आली.

'फ्रेंड्स'ची मुंबईची प्रत तिसऱ्या अल्बममधल्या मूळ प्रतीपेक्षा मला जास्त भिडते. तंतुवाद्यांची जी चढती ओळ आहे ना, ती आपल्या वादकांच्या हातात सुरांना कवटाळत वर जाते. मूळ गाण्यात ती तशी सुचवलेली आहे, मुंबईत ती पुरी झाली. आणि डग्गा, या प्रतीत बॉनम नाही. तो मुंबईला आलाच नव्हता. तरी गाणं उभं राहतं. याचं काय करायचं?

पाऊसवेडी

धोबीतलाव, +१. बॉनम नसलेल्या झेपेलिनबद्दलच मी लिहिणार होते.

'गोइंग टु कॅलिफोर्निया'त ड्रम नाहीत. 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये नाहीत. तिथे मेंडोलिन आहे आणि प्लांटच्या बरोबर सँडी डेनी आहे, झेपेलिनच्या स्टुडिओ अल्बमवर गायलेली बाहेरची एकमेव गायिका. दोन आवाज एकमेकांना निरोप देत-घेत पुढे जातात, तसं त्यांच्या दुसऱ्या कुठल्या गाण्यात होत नाही. पुढे १९९४ मध्ये पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले तेव्हा तीच जागा नजमा अख्तरने गायली आणि त्या मुरक्यांनी गाण्याचा रंगच पालटला. मिळालं तर दोन्ही लागोपाठ ऐका.

माझा पहिला नंबर मात्र 'द रेन साँग' (१९७३). बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने बॉनमला म्हणे सुनावलं होतं की तुम्ही लोक संथ गाणी करत नाही, हीच तुमची अडचण. पेजने ते मनावर घेतलं आणि सुरुवातीच्या सुरांत हॅरिसनच्याच 'समथिंग'ची आठवण पेरली. तार वेगळ्याच पद्धतीने लावलेली, त्यावर जोन्सचा मेलोट्रॉन (टेपवरचे तंतुवाद्यांसारखे सूर काढणारा कीबोर्ड). गाण्याच्या निम्म्या वाटेपर्यंत ड्रम जवळजवळ नाहीतच, आणि येतात तेव्हा आधी ब्रशने येतात. डग्गा, तुम्ही बॉनमचा जोर ऐकता. मला त्याचा हा संयम ऐकू येतो. इतकी ताकद अंगात असलेला माणूस तीन-साडेतीन मिनिटं काड्या खाली ठेवून बसतो आणि मग जेमतेम स्पर्श करतो. पुढे गाणं पेटतं तेव्हाही तो त्याला जाळून टाकत नाही.

पाच: रेन साँग, बॅटल ऑफ एव्हरमोर, टेन इयर्स गॉन, दॅट्स द वे, सिन्स आय'व्ह बीन लव्हिंग यू.

डग्गा

पाऊसवेडीताई, ब्रशचा मुद्दा शंभर टक्के मान्य. धोबीतलाव, मुंबईच्या 'फ्रेंड्स'बद्दल दंडवत. पण त्याच सत्रातलं 'फोर स्टिक्स' मूळ गाण्याशेजारी ठेवून बघा. त्यात पाच आणि सहा मात्रा आलटून पालटून येतात. मूळ गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काड्या धरून वाजवलंय, म्हणून तर ते नाव. ते वाजवणं म्हणजे पळत सुटलेल्या बैलांना वेसण घालण्यासारखं आहे. मुंबईच्या प्रतीत गोडवा आला, पण ती दमछाक गेली.

आता 'काश्मीर'. इथे तबला शिकलेले बरेच जण आहेत, त्यांनी एकदा बोटांवर मोजून बघा. ड्रम सरळ चार-चार मात्रांत चालतात. गिटार आणि तंतुवाद्यांची ओळ तीन-तीन मात्रांत फिरते. दोघं एकत्र निघतात, लगेच वेगळे होतात आणि बारा मात्रांनी पुन्हा एका जागी भेटतात. ती भेट आली की छातीत धस्स होतं. मी डाव्या हाताने चार आणि उजव्याने तीन मोजत बसलो तेव्हा कुठे ते अंगात उतरलं. आपल्या कानाला हे गाणं इतकं जवळचं का वाटतं याचं उत्तर नावात शोधू नका. गाणं लिहिलं गेलं मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या वाळवंटी रस्त्यावर, १९७३ मध्ये, प्लांट गाडीने जात असताना. काश्मीरला तेव्हा त्यांच्यापैकी कुणीही पाय ठेवलेला नव्हता. आपल्याला ओळखीची वाटते ती समेची वाट बघणं. आणि ती वाट बघायला लावतो बॉनम, कारण तो चारावरून तसूभर हलत नाही. त्याने जरा जरी गिटारच्या मागे जायचं ठरवलं असतं तर सगळी गंमत गेली असती.

गाण्याच्या श्रेयात पेज आणि प्लांटबरोबर त्याचं नाव आहे, ते उगाच नाही. पहिला कच्चा आराखडा पेज आणि बॉनम दोघांनीच हेडली ग्रेंजला वाजवला होता.

खालचा_सा

सगळे बोलले, पण जॉन पॉल जोन्सचं नाव नुसतं येता-जाता घेतलं जातंय. हे या बँडबाबत पहिल्यापासून होत आलंय.

'काश्मीर'मधला मेलोट्रॉन कुणाचा? जोन्सचा. 'रेन साँग'मधला? जोन्सचा. 'स्टेअरवे'मधले रेकॉर्डर? जोन्स. 'ब्लॅक डॉग'ची ती वाकडी ओळ आणली कुणी? जोन्सनेच. 'सिन्स आय'व्ह बीन लव्हिंग यू'मध्ये तर हा माणूस हाताने हॅमंड ऑर्गन वाजवतोय आणि खर्ज पायाच्या पेडलवर सांभाळतोय. झेपेलिनमध्ये येण्याआधी लंडनच्या स्टुडिओंमध्ये इतरांच्या रेकॉर्डसाठी वाजवून आणि मांडणी करून त्याचा हात तयार झालेला होता. त्यामुळे कुठल्या गाण्याला काय लागतं हे त्याला नेमकं कळायचं आणि तेवढंच तो द्यायचा.

म्हणून माझा पहिला नंबर 'नो क्वार्टर'. त्यातला तो पाण्याखालून आल्यासारखा इलेक्ट्रिक पियानो ऐका. पेजने तर पूर्ण गाण्याचा स्वर थोडा खाली उतरवला, त्याने ते आणखी जड आणि थंड झालं. मैफलीत ते कधी कधी वीस मिनिटांच्या वर जायचं आणि जोन्स त्यात पियानोवर हवं तिथे फिरून यायचा.

डग्गा, बॉनम मोठा यात वाद नाही. पण तो ज्याच्या खांद्यावर उभा होता तो खांदा जोन्सचा. ताल विभाग दोघांचा असतो.

निळा_स्वर

मी ब्लूजचा माणूस, त्यामुळे मला एक कडू गोष्ट बोलावी लागणार. सर्वोत्तम गाणी म्हणताना ती कुणाची हेही बघा.

'होल लोट्टा लव्ह'चे शब्द ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'वरून आले. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला तेव्हा कुठे तडजोड झाली आणि श्रेयात नाव आलं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' जेक होम्सचं, 'बेब आय'म गॉना लीव्ह यू' अ‍ॅन ब्रेडनचं. तिचं नाव रेकॉर्डवर यायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला. 'ब्लॅक माउंटन साइड'ची गिटारची मांडणी बर्ट जान्शची. (त्यात तबला विराम जसानींचा आहे, हे इथल्या लोकांना आवडेल.) 'स्टेअरवे'चा खटला मात्र वेगळा. स्पिरिट बँडच्या 'टॉरस'वरून घेतल्याचा आरोप होता. ज्युरीने २०१६ ला झेपेलिनच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० ला अपिलातही तोच टिकला. उतरत्या खर्जाची ती चाल शतकानुशतकं सगळ्यांचीच आहे, तिथे मी झेपेलिनच्याच बाजूचा.

पण डिक्सनचं मला अजून लागतं. शिकागोत आयुष्य घालवलेल्या, गोऱ्या बँडांना गाणी पुरवणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या शब्दांसाठी कोर्टात जावं लागलं. सोलापुरी_चादर, 'होल लोट्टा लव्ह' यादीत जरूर ठेव, पण मडी वॉटर्सने १९६२ ला गायलेलं 'यू नीड लव्ह' आधी ऐक.

हे सगळं बोलूनही माझा पहिला नंबर झेपेलिनच्या ब्लूजलाच: 'सिन्स आय'व्ह बीन लव्हिंग यू' (तिसरा अल्बम, १९७०). शांत जागी कान दिलात तर बॉनमच्या बास ड्रमच्या पेडलचं किरकिरणं ऐकू येतं. तेलपाणी न केलेल्या बिजागरीचा आवाज, प्रत्येक घावाच्या आधी. तो काढून टाकता आला नाही आणि आज तो नसता तर मला चुकल्यासारखं झालं असतं. चौघं एका खोलीत बसून एकमेकांकडे बघत वाजवतायत याचा तो पुरावा आहे. पेजचा सोलो त्याच्या सगळ्या सोलोंमध्ये सरस. हात घसरतो की काय असं वाटत राहतं आणि सूर मात्र नेमका लागतो.

पाऊसवेडी

निळा_स्वर, हे कुणीतरी लिहायला हवंच होतं.

आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक अमुक' असं छापलेलं असायचं. चाल लावणीची घेतलेली असो, कानडी पदाची असो की एखाद्या बंदिशीची, उगम उघड सांगितलेला असायचा. त्यामुळे त्या पदांची किंमत तसूभरही कमी झाली नाही. गाणाऱ्याने त्यात स्वतःचं काय घातलं ते उलट जास्त स्पष्ट कळायचं. झेपेलिनने पहिल्या दिवसापासून एवढंच केलं असतं तर काय बिघडणार होतं? 'लेव्ही'च्या श्रेयात मेम्फिस मिनीचं नाव आहे, आणि त्यामुळे त्या ड्रमचा मान कुठे कमी झालाय?

सोलापुरी_चादर

मडी वॉटर्सचं ऐकलं. प्लांटने शब्दच नाही, म्हणायची ढबही घेतलीये. आवाजाचा पोत वेगळा, पण थांबे तेच. माझ्या यादीतून 'होल लोट्टा लव्ह' काढत नाही, कारण ती गिटारची ओळ आणि मधला तो गोंगाटाचा भाग डिक्सनचा नाही. पण आता ऐकताना दोन माणसं ऐकू येतील.

'स्टेअरवे' पहिल्या नंबरावरच आहे, काका.

धोबीतलाव

'प्रेझेन्स' (१९७६) या अल्बमबद्दल कुणीच का बोलत नाही? ऑगस्ट १९७५ मध्ये ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या गाडीला मोठा अपघात झाला. त्याने या अल्बमचं गाणं व्हीलचेअरवर बसून गायलं, म्युनिकच्या स्टुडिओत, जेमतेम तीन आठवड्यांत. 'अकिलीज लास्ट स्टँड' सव्वादहा मिनिटांच्या वर चालतं. पेजने त्यावर एकामागून एक गिटारी चढवल्या, बहुतेक सगळ्या एका रात्रीत. बॉनम त्याखाली घोडदौड करतोय आणि शेवटपर्यंत लगाम सैल सोडत नाही. डग्गा, तुमच्या निकषावर हे गाणं यादीत नसणं मला पटत नाही. 'फूल इन द रेन'च्या जागी ते हवं.

डग्गा

'अकिलीज' सहावं आहे, खरं सांगतो. पण 'फूल इन द रेन' हलवणार नाही.

त्याचं कारण. बॉनम म्हटलं की लोकांना मोठा आवाज आठवतो. 'फूल इन द रेन' (१९७९) मध्ये तो मुख्य घावांच्या मधल्या फटींत इतके हलके ठोके पेरतो की पहिल्या ऐकण्यात ते कळतही नाहीत. हेडफोन लावा, स्नेअर ड्रमकडे लक्ष द्या. डाव्या हाताच्या काडीचं टोक कातड्याला जेमतेम शिवतंय. अमेरिकन ड्रमर बर्नार्ड पर्डीची ती झुलती चाल त्याने उचलली आणि स्वतःच्या वजनाची केली. मध्येच गाणं सांबाच्या धांदलीत शिरतं, शिट्ट्या वाजतात आणि मग एका भरावाने तो पुन्हा त्याच झुलत्या चालीवर येतो. त्या उडीत एक मात्राही सांडत नाही. वर्षभरानंतर तो गेला. हे वाजवणारा माणूस अजून पुढे कुठे पोचला असता, हा विचार मला सोडत नाही.

खालचा_सा, तुमचं म्हणणं लागलं. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' पुन्हा ऐकलं. बॉनमच्या त्या घावांच्या मधून जोन्सचा बेस वाट काढतो आणि मध्ये एकटा राहतो त्या दोन-तीन जागा विलक्षण आहेत. गाण्याची ओळही त्यानेच आणलेली.

निळा_स्वर

डग्गा, मग एका प्रश्नाचं उत्तर द्या. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात बॉनमचा मुलगा जेसन ड्रमवर बसला आणि तिघं त्याच्याबरोबर वाजले. त्या रात्रीचं 'काश्मीर' ऐकलंय ना? बॉनम नव्हता, तरी गाणं थरथरत होतं. 'बॉनम म्हणजेच झेपेलिन' हे तुमचं गृहीतक तिथे टिकतं का?

डग्गा

टिकतं. जेसन त्या रात्री अप्रतिम वाजला, मला त्यात काडीची शंका नाही. पण तो काय वाजवत होता? बापाने लावून दिलेले चार, तसूभर न हलता. बारा मात्रांनी येणारी ती भेट तशीच ठेवली, म्हणून गाणं उभं राहिलं. आणि त्या एका रात्रीनंतर दौरा झाला नाही.

त्या रात्रीचं 'फॉर युवर लाइफ' ऐका. 'प्रेझेन्स'मधलं ते गाणं त्यांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मंचावर वाजवलं. धोबीतलाव, ते तुमच्यासाठी.

खालचा_सा

'ट्रॅम्पल्ड अंडर फुट' अजून कुणाच्याच यादीत आलं नाही. त्यातल्या जोन्सच्या क्लॅव्हिनेटवर (एक इलेक्ट्रिक कीबोर्ड) उद्या सविस्तर लिहितो. तोपर्यंत ज्यांनी 'फिजिकल ग्राफिटी' हा दुहेरी अल्बम सलग ऐकला नसेल त्यांनी दोन्ही रेकॉर्ड एका बैठकीत ऐकून या.